शेवटी बोलेल त्याचंच पटतं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षांची. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर राहते. विमा कंपनीत क्लेमचं काम बघते. गेल्या आठवड्यापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवेदन फिरतंय : गल्लीतले सगळे फेरीवाले कायमचे हटवा. त्यात माझे सासरे सर्वांत पुढे. निवेदन वाचलं आणि पटलं. संध्याकाळी फुटपाथवरून चालता येत नाही, रुग्णवाहिका अडकते, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली ती फेरीवाल्यांमुळेच, असं त्यात लिहिलंय. मग कॉलेजची मैत्रीण भेटली. ती फेरीवाल्यांच्या संघटनेचं काम करते. तिचंही पटलं. कायद्याने यांना कुणी हात लावू शकत नाही, हप्ते खाणारे वेगळेच, आणि ज्या मावशींकडून मी रोज मेथी घेते त्यांनी जायचं कुठे? घरी आले, सासऱ्यांनी चार मुद्दे काढले, पुन्हा त्यांचं पटलं.

मी ग्रुपवर लिहिलं, "मला अजून नीट कळलेलं नाही, सही नंतर करते." त्यावर एकाने लिहिलं, "शिकल्यासवरल्या माणसाला साधं मत नसावं?" नवरा हसून म्हणाला, तुझं मत म्हणजे शेवटी जो बोलला त्याचं मत. लागलं मला ते. खरं सांगू का, ग्रुपवरचे बहुतेक जण नुसते फॉरवर्ड वाचून बोलतात, थोडाफार विचार करणारी मी एकटीच. मग तरी मलाच स्वतःचं मत का नाही? राजकारणातल्या कुठल्याही विषयावर माझं हे असंच होतं. रविवारी सह्या गोळा करणार आहेत. काय करू? आणि तुमचं मत काय ते तरी सांगा.

— एक वाचक, दादर

—————

नमस्कार.

नवऱ्याचं बोलणं लागलं, कारण त्यात तथ्य आहे. पण त्यावरून स्वतःला बिनमताची ठरवून मोकळ्या होऊ नका. दोन्हीकडून तुमच्यापुढे तयार मतं आली. तयार मत ऐकताना पटतंच. नको ते कोपरे घासून मगच ते बाहेर काढलेलं असतं. सासऱ्यांच्या निवेदनात मेथीवाल्या मावशी नाहीत आणि मैत्रिणीच्या बोलण्यात रुग्णवाहिका नाही. तुम्ही एकदा हे ऐकता, एकदा ते. मधल्या वेळात तुमचं स्वतःचं असं काहीच घडत नाही, म्हणून शेवटचा आवाज डोक्यात राहतो.

गंमत म्हणजे हे काम तुम्हाला येतं. ऑफिसात क्लेम आला की तुम्ही काय करता? माणूस कळवळून बोलला म्हणून पास करत नाही आणि साहेब वैतागलेत म्हणून नाकारतही नाही. डिस्चार्जचा कागद, बिलाची तारीख, पॉलिसी कधीची, त्यात काय धरलंय आणि काय वगळलंय, हे सगळं बघता. कागद अपुरे असतील तर तसं लिहून फाईल बाजूला ठेवता, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी बिनमताची म्हणत नाही. मग संध्याकाळी दादरला उतरल्यावर ही सवय कुठे जाते?

तेव्हा निवेदन हातात घ्या आणि एकेका वाक्यावर खूण करा. हे घडलंय असं म्हणणं आहे, की पुढे घडेल असा अंदाज आहे, की असं व्हावं ही इच्छा आहे? तिन्ही एकाच परिच्छेदात, एकाच ठसक्यात येतात, म्हणून घोळ होतो. "फेरीवाले हटवले की गल्ली मोकळी होईल" हा अंदाज आहे. मोकळ्या जागेत दुसऱ्याच दिवशी दुचाक्या लागणार नाहीत, हे कुणी सांगावं? "फुटपाथवर पहिला हक्क चालणाऱ्याचा" ही इच्छा झाली. ती कागदपत्रांनी खरी-खोटी ठरत नाही. ती तुमची आहे की नाही, एवढंच तुम्ही सांगायचं.

जे घडलंय असं म्हटलंय ते मात्र तपासता येतं. एल्फिन्स्टनचंच घ्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी त्या पुलाच्या अरुंद जिन्यावर २३ माणसं गेली. जोराचा पाऊस होता, लोक आडोशाला जिन्यावरच थांबले होते, खालून येणारी गर्दी थांबत नव्हती. रेल्वेच्या चौकशीतही पाऊस आणि जिन्यावर तुंबलेली गर्दी हेच पुढे आलं. फेरीवाल्यांवरची मोहीम आणि राजकारण त्या घटनेनंतर तापलं, त्यामुळे लोकांच्या आठवणीत दोन्ही गोष्टी चिकटून बसल्या. "फेरीवाल्यांमुळेच" हा शब्द निवेदन लिहिणाऱ्याने आपल्या पदरचा घातलाय.

खरं तर त्यांच्या हाताशी याहून पक्का मुद्दा होता आणि तो त्यांनी वापरलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत, आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांच्यापासून १०० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं म्हटलं होतं. पण दीडशे मीटर म्हणजे जेमतेम दोन मिनिटांची चाल. तुम्ही तर सात-आठ मिनिटांवर राहता. गल्लीच्या तोंडाशी शाळा किंवा देऊळ आहे का, ते तुम्हालाच ठाऊक. बघा, एका साध्या मोजमापाने प्रश्न किती बदलला.

आता मैत्रीण. "कायद्याने यांना कुणी हात लावू शकत नाही" हेही अर्धंच आहे. २०१४ साली केंद्राचा पथविक्रेत्यांचा कायदा आला. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, असं त्यात आहे, आणि ती त्याच आधारावर बोलते. पण जागा बदलण्याची आणि हटवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. त्यासाठी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे कायदा हात लावू देतो, पण रीतसर. संघटनेत काम करणाऱ्या बाईला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. बोलण्याच्या भरात राहून गेलं असेल, एवढंच म्हणते.

याच कायद्यात आणखी एक आकडा आहे, तो दोन्हीकडचे सोयीने विसरतात. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घ्यावं असं त्यात म्हटलंय. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. अडीच टक्के काढा, तीन लाखांच्या पुढे जातं. आणि २०१४ च्या सर्वेक्षणात पालिकेकडे अर्ज आले सुमारे ९९ हजार, त्यातले पात्र ठरले साधारण ३२ हजार. तीन लाख, एक लाख, बत्तीस हजार. गल्लीतला माणूस यातल्या कुठल्या आकड्यात बसतो, हे माहीत नसताना "सगळे बेकायदा" म्हणणं जितकं पोकळ, तितकंच "सगळे कायदेशीर" म्हणणंही. जागा कुठे आणि किती, यात ज्या समितीचा सल्ला घ्यायचा, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत. मुंबईत त्यांच्या निवडीचं मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी! या दहा वर्षांचा जाब कुणाला विचारायचा, हे तुमच्या निवेदनात असायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. पण तिथे बोट दाखवायला समोर बसलेला माणूस लागतो, आणि गल्लीत समोर बसलेल्या असतात त्या मावशी.

त्या मावशींना कुणी विचारलंय का? मेथी निवडताना विचारा : सर्वेक्षणात नाव लागलं होतं का, कागद आहे का, पालिकेची गाडी येऊन माल उचलते तेव्हा तो सोडवायला काय भरावं लागतं. सासऱ्यांना आणि मैत्रिणीला त्यांच्या वतीने बोलता येतं. तुमची तर त्यांच्याशी रोज गाठ पडते.

आता जरा किचकट भाग. संध्याकाळी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त एवढं लिहा : आज दादरमध्ये एखाद्या बाईला रीतसर भाजी विकायला बसायचं असेल, तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत काय काय व्हावं लागेल. अर्ज कुठे, कोण ठरवणार, जागा कोण आखणार, नाही मिळाली तर दाद कुठे मागायची. तुमचं मत काय ते लिहायचं नाही. तिसऱ्या ओळीच्या आसपास पेन थांबेल.

हे फक्त तुमचंच होत नाही. रोझेनब्लिट आणि काइल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं की कपड्याची चेन, कुलूप, फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला समजतं असं लोक ठामपणे सांगतात. पण पायरी-पायरीने समजावून लिहायला लावलं की आपल्या समजुतीला स्वतःच कमी गुण देतात. २०१३ मध्ये फर्नबाख, स्लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सरकारी धोरणांवर करून पाहिलं. ते धोरण नेमकं कसं काम करेल हे लिहायला लावल्यावर लोकांची समजुतीबद्दलची खात्री उतरली, आणि मतंही मवाळ झाली, असं त्यांनी म्हटलं. हा निष्कर्ष फार लोकप्रिय झाला, भाषणांत वगैरे सांगितला जाऊ लागला. पण २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा पहिला भाग टिकला आणि दुसरा टिकला नाही. आपल्याला कमी कळतं हे लोकांना उमगलं, पण मतं होती तिथेच राहिली.

मला हा दुसरा निकाल जास्त आवडतो, कारण तो माणसांना ओळखून आहे. कागदावर पेन अडलं म्हणून सासरे निवेदन फाडणार नाहीत. त्यांनी तसं करावं अशी अपेक्षाही चूक आहे. आपल्याला कमी कळतं हे कळूनही एखादी बाजू धरता येते. फरक एवढाच की कुठली वाक्यं छातीठोकपणे म्हणायची आणि कुठल्या वाक्यांआधी "माझ्या समजुतीप्रमाणे" जोडायचं, याचा अंदाज येतो. तुमची भीती अशी दिसते की कमी कळतं हे कबूल केलं की मत धरण्याचा हक्कच जातो. तसं काही नसतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी सोडणार नाही. "विचार करणारी मी एकटीच." हे तुम्हाला कसं कळलं? ग्रुपवर माणूस दोन ओळी आणि एक लाल चेहरा टाकतो. त्यामागे त्याने काय पाहिलंय ते तिथे दिसत नाही. तुमचे सासरे सत्तरीच्या आसपासचे असतील असं धरते. फुटपाथवरून रस्त्यावर उतरावं लागणं म्हणजे काय, हे त्या वयाच्या गुडघ्यांना जसं कळतं, तसं चौतिसाव्या वर्षी कळत नाही. त्या बाबतीत त्यांचं ज्ञान तुमच्याहून आणि माझ्याहून जास्त आहे. कायद्याच्या बाबतीत नाही. मैत्रिणीचं उलट असेल. कुठल्या माणसाचं बोलणं कुठपर्यंत वजनदार धरायचं, ही रेघ आखत गेलात की "कुणाचं पटवून घेऊ" हा प्रश्नच सुटा होतो. आणि ते फॉरवर्ड वाचून बोलतात म्हणता, तर तुम्ही मैत्रिणीचं ऐकून बोलता. उधारी दोन्हीकडे आहे. उधारीत लाज नाही, आपण सगळे बहुतेक गोष्टी कुणावर तरी विश्वास ठेवूनच मानतो. नाहीतर मेट्रोचा बोगदा पक्का आहे का हे स्वतः तपासून मगच गाडीत बसावं लागेल. फक्त कुणाकडून उचललंय ते लक्षात ठेवा.

सगळ्याच विषयांत असं होतं, असंही तुम्ही लिहिलंय. सगळे विषय घ्यायला कुणी सांगितलंय? आरे, कोस्टल रोड, बेस्टचं भाडं, धारावी, हिंदीची सक्ती, आरक्षण, परराष्ट्र धोरण… जेवताना टीव्ही लावला की सातही विषयांवर मत मागितलं जातं. एक-दोन विषय घ्या आणि त्यांच्या तळाशी जा. बाकीच्यांवर "मला यातलं माहीत नाही" म्हणायला शिका, आणि ते म्हटल्यावर पुढे "पण" लावू नका. मतदान करताना अर्थातच अपुऱ्या माहितीवर निवड करावी लागते. सगळेच तशी करतात.

राहिला मत बदलण्याचा प्रश्न. तुम्हाला वाटतं, मत बदलणं हाच दुबळेपणा. १९४८ साली भाषावार प्रांतरचनेचा विचार करणाऱ्या दार आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी निवेदन दिलं. त्यात मुंबईसह मराठी भाषकांच्या प्रांताची बाजू होती. १९५५ च्या अखेरीस एका पुस्तिकेत त्यांनी वेगळंच मांडलं : मराठी मुलखाची चार राज्यं करावीत आणि त्यात मुंबई शहर हे एक स्वतंत्र राज्य असावं. आपलं आधीचं मत वेगळं होतं हे त्यांनी झाकलं नाही. विचार करणाऱ्या माणसाने केवळ सुसंगती दाखवण्यासाठी जुन्या मताला बांधून राहू नये, मात्र नवं मत घ्यायला पुरेशी कारणं हवीत, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आणि मग कारणं मांडली. पुढे १ मे १९६० ला मुंबईसह एकच महाराष्ट्र झाला, त्यांनी सुचवलेल्या वाटेने गोष्टी गेल्या नाहीत. ते बाजूला ठेवू. आज मुंबईच्या कुठल्याही नेत्याने इतकं उघडपणे "तेव्हा तसं म्हणत होतो, आता असं म्हणतो, कारण हे" म्हटलं, तर टीव्हीवर जुनी क्लिप लावून त्याची टिंगल होईल. म्हणूनच ते म्हणत नाहीत आणि गुपचूप बदलतात.

तुमच्या बदलण्यात आणि या बदलण्यात कारणांचा फरक आहे. सोमवारी जे वाटलं ते तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवा, आणि खाली एक ओळ : काय कळलं तर मी हे सोडेन. "मावशींचं नाव पात्र यादीत असेल तर सरसकट हटवण्याला माझा विरोध." किंवा "रुग्णवाहिका खरंच अडकल्याचं दोन घरांनी सांगितलं तर किमान एक बाजू मोकळी हवी." मग मंगळवारी सासरे बोलले तर ते त्या ओळीला हात घालतायत, की नुसता आवाज चढवतायत, ते दिसेल. आवाज चढला म्हणून ओळ खोडायची नाही. नवी गोष्ट कळली तर बिनधास्त खोडा, आणि शेजारी ती गोष्ट लिहा.

माझं मत मी सांगणार नाही. आहे, आणि ठाम आहे. पण तुमच्या पत्रावरून दिसतं की ते सांगितलं तर शेवटी बोललेली मी ठरेन आणि रविवारी तुम्ही माझी सही कराल. तुमच्या त्या ओळी पाठवा, मग मी माझ्या पाठवते, आणि खुशाल भांडू.

रविवारबद्दल. "अजून अभ्यास चालू आहे" म्हणत वर्षानुवर्षं बसणारी माणसं मी पाहिली आहेत. निर्णय बाकीचे घेतात आणि हे नंतर चहा पिताना त्यातल्या चुका काढतात. तुम्ही तसं करू नका. आठवडाभरात जेवढं कळेल तेवढ्यावर ठरवा. सही करायची असेल तर करा, नाही तर का नाही ते लिहा. सही आणि नकार यांच्या मधली जागाही आहे, आणि तिचा वापर सोसायट्यांमध्ये कुणी करत नाही, याचं मला नवल वाटतं. शनिवारपर्यंत ग्रुपवर साधारण असं लिहून बघा, शब्द तुमचे घाला :

"निवेदनातला फुटपाथ आणि रुग्णवाहिकेचा मुद्दा मला मान्य आहे. एल्फिन्स्टनचं वाक्य काढावं, ते बरोबर नाही. 'सगळे हटवा'ऐवजी आपल्या गल्लीत कुणाकडे प्रमाणपत्र आहे याची माहिती वॉर्ड ऑफिसने द्यावी, आणि एक बाजू चालण्यासाठी मोकळी ठेवावी, असं लिहिलं तर मी सही करते. कायद्यातलं सगळं मला कळलंय असं नाही. कुणाला जास्त माहिती असेल तर सांगा."

यातली मागणी उदाहरणादाखल आहे. मावशींशी आणि सासऱ्यांशी बोलल्यावर ती वेगळी होईल, कदाचित निवेदनाहून कडकही होईल. पण सासऱ्यांना ग्रुपवर वाचायला लावू नका, आधी घरी दाखवा. घरातल्या माणसाचा विरोध चारचौघांत पहिल्यांदा कळला तर मुद्दा बाजूला राहतो आणि मान-अपमान सुरू होतो.

हाच मजकूर मैत्रिणीलाही पाठवा. तिचं उत्तर सासऱ्यांच्या उत्तराइतकंच चिडलेलं येईल, असा माझा अंदाज आहे.